समोरच्या खिडकीतली बॅटरी

माझ्या मुलीनं समोरच्या बाईंना पहिल्यांदा ‘मावशी’ म्हटलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात जागीच थांबला. मावशी म्हणजे आईची बहीण. मला बहीण नाही. तीन भाऊ आहेत, आणि तिघंही पिशोरच्या बाजूला शेती आणि मेंढरं सांभाळून आहेत. मग ही बहीण मला कुणी दिली?

“कोण गं मावशी?” मी विचारलं.

“समोरच्या, वरच्या मजल्यावरच्या. त्यांनी आज मला कॉम्प्युटर उघडून दाखवला. आई, त्याला काहीच कळत नसतं. मावशी म्हणतात, तो लई मठ्ठ असतो, फक्त लई भरभर करतो.”

“मॅडम म्हणायचं त्यांना,” मी म्हणाले.

“त्याच म्हणाल्या मावशी म्हण.”

भाकरी तव्यावर टाकली, तर ती कडेनं फाटली.

समोरच्या बाई आमच्या गल्लीत नवीनच आल्या होत्या. तंत्रनिकेतनात आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगा पुण्याला. माहेरची शेतीवाडी मोठी, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. त्यांच्या घरात टेबलावर जुने कॉम्प्युटर पोट उघडून ठेवलेले असायचे आणि त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर त्या जेवायच्या. गल्लीतल्या बायका त्यांना बिचकून असायच्या. मीही.

मुलगी तेव्हा सातवीला होती. शाळेत कॉम्प्युटरचा तास होता, पण त्यात व्याख्या पाठ करायच्या. तिनं वर्गात विचारलं, बटण दाबल्यावर आत काय होतं? उत्तर मिळालं, हे परीक्षेला नाही. मग तिनं घरी येऊन मला विचारलं. हे मी विसरत नाही, की तिनं आधी मला विचारलं होतं. मी गहू निवडत होते. “वायरी असतील,” म्हणाले. तिच्या वडिलांना विचारलं, ते चितेगावच्या कंपनीतून पाळी संपवून आले होते, बूट काढता काढता म्हणाले, “बटण दाबलं की चालू होतो, बंद केलं की बंद होतो. अजून काय पायजे?” त्यानंतर ती गल्ली ओलांडून समोर गेली, आणि मग रोजच जायला लागली.

सुरुवातीला मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण शाळेतून आली की दप्तर फेकायची, तोंडावर पाणी मारायची आणि पळायची. मी केलेले पोहे झाकणाखाली गार व्हायचे. परत आली की तोंडात एकच नाव. मावशी म्हणाल्या. मावशींनी दाखवलं. मावशींकडं असं नसतं. आमच्या घरात सगळे ‘लई’ म्हणतात, ‘व्हय’ म्हणतात. हळूहळू तिच्या तोंडचं ‘लई’ गेलं. एक दिवस ती ‘मुळात’ म्हणाली. “आई, मुळात हा प्रश्नच वेगळा आहे.” एवढीशी पोर, आणि मुळात! माझ्या घरात बसून ती दुसऱ्या बाईच्या जिभेनं बोलत होती.

मी काय करावं? कामं काढायला लागले. ती वर गेली की पाचच मिनिटांत गल्लीतून हाक. कोथिंबीर आण. दळण आण. शेजारी वाटी देऊन ये. ती यायची, काम करायची, एक शब्द उलटून बोलायची नाही आणि पुन्हा जायची. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, हे शहरातल्या कुणालाही सांगायला नको. येतं त्या दिवशी घरातलं माणूस न् माणूस नळाशी लागतं. अशाच एका दिवशी मी हौदात पाइप सोडून उभी होते, ओट्यावरचे हंडे भरून घेत होते, आणि ही पायऱ्यांवर उभी राहून म्हणते, “आई, कॉम्प्युटरमधे पण असंच असतं. हौद म्हणजे हार्ड डिस्क. पुष्कळ मावतं, वीज गेली तरी राहतं. पण सैपाक करताना तू दर वेळी हौदापाशी जातेस का? हंड्यातलं घेतेस. हंडा म्हणजे रॅम. हाताशी असतो, पण लहान. आणि कॉम्प्युटर बंद केला की तो हंडा रिकामा होतो.”

उदाहरण माझ्या ओट्यावरचं, माझ्या हंड्याचं. पण ते सुचलं होतं समोरच्या बाईंना, माझ्या घरात कधी पाऊल न टाकता. माझा हंडासुद्धा त्यांनी नेला असं मला वाटलं.

“आधी पाणी भर,” मी म्हणाले.

रात्री जेवताना नवऱ्याकडं विषय काढला. “पोरगी घरात ठरत नाही.”

“शिकतीय ना? शिकू दे की. फुकट कोण शिकवतंय आजकाल?”

“आईला विसरायला शिकतीय.”

ते हसले. “तुझं आपलं कायतरीच. बाई म्हातारी हाय, एकटी हाय. पोरीचा लळा लागला आसल.”

तेच तर मला नको होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दर वर्षी माझ्या माहेरी जातो. पोरीला तिथलं सगळं आवडायचं. माझे वडील अजून मेंढरांमागं जातात. टाळूला जीभ लावून असा काही आवाज काढतात की पांगलेला कळप वळून येतो. लहानपणी ती त्यांच्या मागं मागं तो आवाज काढत फिरायची. त्या वर्षी मी बॅग भरायला काढली तर म्हणाली, “मी नाही येत. मावशींनी सुट्टीत प्रोग्रॅम लिहायला शिकवायचं ठरवलंय. मी बाबांजवळ राहते.”

मी एकटी गेले. एसटीत शेजारची जागा रिकामी होती, तिथं कन्नडला एक अनोळखी बाई पोर घेऊन बसली. वडिलांनी विचारलं, “नात कुठं?” मी म्हणाले, “क्लास हाय तिचा.” त्यांनी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेले आंबे भाचरांनी खाल्ले. दोनच दिवसांत परत आले, तर पोरीच्या हातात प्रसादाचं खोबरं. “मावशी आणि मी खुलताबादला मारुतीला गेलो होतो,” म्हणाली. माझ्याकडं माहेरचं गाठोडं होतं, ते मी कोपऱ्यात ठेवून दिलं.

यानंतर बॅटरीचं सुरू झालं.

पावसाळ्यात आमच्या गल्लीतली लाइट संध्याकाळी जाते-येते. एकदा अशीच गेली. मी मेणबत्ती शोधत होते. मुलगी ओसरीत उभी होती, हातात बॅटरी. उघडझाप करत होती. थोडा वेळ, जास्त वेळ, थोडा वेळ. मी म्हणणार होते की सेल घालवू नको, तेवढ्यात समोरच्या वरच्या खिडकीत एक बॅटरी पेटली. तशीच, थोडा वेळ, जास्त वेळ. आणि माझी पोर खळखळून हसली.

“काय चाललंय?”

“मावशी बोलतायत.”

“काय बोलल्या?”

“काही नाही गं. गंमत.”

पुन्हा उजेड चमकला, पुन्हा ती हसली. माझ्या ओसरीत, माझ्या समोर, दोघी बोलत होत्या आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी मेणबत्ती हातात धरून उभीच राहिले. लहानपणी पोर तापानं फणफणायची तेव्हा मी तिच्या श्वासावरून ताप ओळखायचे. तिच्या पावलाच्या आवाजावरून मार्क ओळखायचे. आणि आता तिचं हसू कशाचं, हे मला विचारावं लागत होतं, आणि विचारूनही ती सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी पदर खोचून समोरचा जिना चढले. भांडायलाच गेले होते. बाईंनी दार उघडलं, नाकावर चष्मा, हातात छोटा स्क्रू-ड्रायव्हर.

“या ना. पहिल्यांदा आलात,” त्या म्हणाल्या.

मी काय काय ठरवून गेले होते. तोंडातून निघालं ते असं, “मला ते बॅटरीचं शिकवा.”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग हॉलमधल्या भिंतीवरच्या बटणांच्या बोर्डाकडं गेल्या. “हे बटण किती गोष्टी सांगू शकतं?”

“दिवा चालू, दिवा बंद.”

“म्हणजे दोन. शून्य आणि एक. कॉम्प्युटरला एवढंच येतं. आता दोन बटणं घेतली तर?”

मी बटणं दाबून पाहिली. दोन्ही बंद. एक चालू. दुसरं चालू. दोन्ही चालू. चार.

“तीन बटणं?”

आठ आले. चार बटणांना सोळा. प्रत्येक नव्या बटणानं दुप्पट होत होतं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या बोटांना समजलं होतं. पाच बटणांना बत्तीस. “इंग्रजी अक्षरं सव्वीस,” त्या म्हणाल्या, “म्हणजे पाच बटणांत सगळी बसतात, वर थोडी जागा उरते. बॅटरी थोडा वेळ लावली तर शून्य, जास्त वेळ लावली तर एक. पाच झोत झाले की एक अक्षर. पाचांपैकी शेवटच्या झोताची किंमत एक, त्याच्या आधीच्याची दोन, मग चार, आठ, सोळा. लांब झोतांचीच बेरीज करायची. एक आली तर ए. दोन आली तर बी.”

“आणि आपलं ‘क’?”

“ते बसवायला जास्त बटणं लागतात. पण रीत तीच. अक्षराला आकडा, आकड्याला बटणं. फोटो असो, गाणं असो, आत गेल्यावर सगळं हेच होतं.”

घरी आले तेव्हा भांडण करायचं राहिलंय हे ध्यानात आलं. दहावीनंतर मी काही शिकले नव्हते. लग्न लवकर झालं. दुपारभर मी भांडी घासता घासता बेरजा करत होते.

मग मी दुपारी जायला लागले. मुलीला सांगितलं नाही. बाईंनाही म्हटलं, तिला सांगू नका. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मला पोट उघडलेल्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर दाखवला, त्यावर बसवलेला पंखा दाखवला. “सगळी कामं हा करतो. येतं काय त्याला? बेरीज करणं, दोन आकड्यांत मोठा कोणता ते बघणं, इथलं उचलून तिथं ठेवणं. बस. पण डोळा मिटायच्या आत कोट्यवधी वेळा करतो. म्हणून आपल्याला वाटतं, याला अक्कल आहे.” मला आमच्या घरातली कामं आठवली आणि मी हसले. त्याही हसल्या. त्यांचं मला ‘तुम्ही’ म्हणणं जाऊन ‘तू’ कधी झालं कळलंच नाही.

आता खरं ते सांगते. शिकून माझी आग विझायला पाहिजे होती, ती वाढली. आता मला कळत होतं की पोर इथं का येते. माझ्यासारख्या बाईलासुद्धा तिथून उठावंसं वाटत नव्हतं. आणि वर एक नवीनच काटा. बाई मधेच म्हणायच्या, “तुझ्या लेकीला हे एका झटक्यात कळलं होतं.” तेव्हा मला लेकीचा अभिमान वाटायच्या आधी राग यायचा. तिला संध्याकाळ अख्खी मिळते, मला दुपारचा तुकडा. पोटच्या पोरीचा हेवा करणारी मी काय आई म्हणायची? पण वाटायचं, ते वाटायचंच.

एका संध्याकाळी लाइट गेली. मुलगी ओसरीत गेली. मी आतल्या खोलीच्या दारात अंधारात उभी राहिले. आता मला वाचता येत होतं. समोरच्या भिंतीवर तिच्या बॅटरीचा उजेड पडत होता. चार छोटे, एक लांब. ए. पुन्हा तसंच. ए. छोटा, लांब, छोटा, छोटा, लांब. आठ आणि एक, नऊ. आय. आई! पोर माझ्याबद्दल बोलत होती. मी पुढचं जुळवत गेले. एन. ए. के. ओ.

आई नको.

मी आत जाऊन गॅसपाशी उभी राहिले. गॅस पेटवलेलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंसमोर माझा आवाज चढला. “तुम्हाला तुमचं माणूस नव्हतं म्हणून माझं घेतलंत व्हय? काय नको आई? कशाला नको?”

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तिनं दिव्यांचं मॉडेल केलंय. घरचं माणूस बोलवायचंय. ती मला म्हणाली, तुम्ही या. मी म्हटलं, आईला ने. तर म्हणाली, आई नको.”

“माझी लाज वाटती तिला. मी लई-व्हय करती म्हणून.”

“मी तेच विचारलं. ती म्हणाली, आई समोर असली की मला बोलता येत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहते, मला वाटतं मी चुकणार, आणि चुकले तर तिला वाईट वाटणार. मी जाणार नाही, हे तिला सांगून टाकलंय. आणि हे बघ, मी काही वाटणीची जमीन नाही, आणि पोरगीही नाही.”

ते वाक्य मला झोंबलं. उठून आले.

प्रदर्शनाच्या दिवशी मुलीनं मला काही सांगितलं नाही. मी तिला डबा दिला. ती गेल्यावर मी चांगली साडी नेसले आणि शाळेत गेले. मागं, इतर लोकांच्या गर्दीत उभी राहिले. तिच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच दिवे ओळीनं बसवलेले, खाली पाच बटणं. लोकांनी अक्षर सांगायचं, ती दिवे लावून त्याचा आकडा दाखवायची. फार छान बोलत होती. हात हलवून, अगदी बाईंसारखी. ते पाहतानाही मला टोचलंच.

एका गृहस्थांनी के सांगितला. तिनं बटणं दाबली. दोनच दिवे लागले. गृहस्थांनी बेरीज केली. “आठ आणि एक, नऊ. नऊ म्हणजे आय झाला ना? के तर अकरावा.”

तिनं पुन्हा बटणं दाबली. पुन्हा तेच. तिचा चेहरा पांढरा पडला. ती तक्त्याकडं बघायला लागली, ओठ हलायला लागले पण आवाज येईना. मागून कुणीतरी हसलं.

मी काही ठरवलं नव्हतं. गर्दीतूनच मोठ्यानं म्हणाले, “ताई, दोनचा दिवा गेलाय ना तुमचा? एकच दिवा गेला आन् के चा आय झाला. मंग कॉम्प्युटरमधे असं झालं तर?”

तिनं मान वर केली. मला पाहिलं. मला वाटलं, आता रडणार. पण ती म्हणाली, “चांगला प्रश्न आहे. तिथंही असंच होतं. एक बटण चुकलं की अक्षर बदलतं. म्हणून चूक पकडायला एक जास्तीचं बटण ठेवतात.” आणि बोलत सुटली. दिवा ढिला झाला होता, तो तिनं बोलता बोलता पिळून घट्ट केला. तो लागला तेव्हा दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, घरी येऊन गळ्यात पडेल. कसलं काय. दारातच दप्तर आपटलं.

“तुला कसं कळलं दोनचा दिवा?”

“शिकले.”

“कुणाकडं?”

मी समोरच्या खिडकीकडं पाहिलं.

“मावशींकडं? मी शाळेत गेल्यावर?” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “त्या माझ्या मावशी आहेत! तू माझ्या सगळ्यातच येतेस! आणि त्यांनी पण मला सांगितलं नाही!”

मी तिच्याकडं बघत राहिले. नाकपुड्या फुललेल्या, मुठी आवळलेल्या. बाईंच्या दारात मी गेले होते तेव्हा अशीच दिसत असणार. मला हसू यायला लागलं आणि ते दाबता येईना, तशी ती अजूनच चिडली. “हसू नको!” आणि मग म्हणाली, “आणि ताई काय म्हणालीस मला सगळ्यांसमोर?”

“मंग काय म्हणणार? तुला आई नको होती ना.”

मी बॅटरी वाचायला शिकले होते हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्या दिवशी ती न जेवता झोपली. दोन-तीन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि समोरही गेली नाही. शेवटी बाईच आमच्याकडं आल्या, पहिल्यांदा. ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “रविवारी सकाळी दोघी या. एकत्र. नाहीतर कुणीच येऊ नका.”

गेलो. एकच कीबोर्ड होता, त्यावरून भांडलो. तिला मी हळू वाटायचे, मला ती उद्धट वाटायची. बाई मधे बसायच्या. माझं बरोबर आलं की ती ओठ चावायची, तिचं आधी आलं की माझं मन खट्टू व्हायचं. असं वर्षानुवर्षं चाललं. आमचं प्रेम कमी होतं असं नाही. ते असंच होतं.

आता मुलगी डिप्लोमाला आहे, शहराबाहेरच्या कॉलेजात, हॉस्टेलवर. मी एका दवाखान्यात पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर करते. गेल्या महिन्यात रविवारी मी वर गेले होते, चहा टाकला होता, तेवढ्यात मुलीचा फोन आला. स्पीकरवर ठेवला. अर्धा तास ती एकाच माणसाबद्दल बोलत होती, तिथल्या एका तरुण मॅडमबद्दल. मॅडम किती सोपं करून सांगतात. मॅडमनी प्रोसेसर कसा दाखवला. असं आधी कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे.

फोन ठेवल्यावर बाईंनी चहाची कपबशी बाजूला सरकवली. चहा तसाच होता.

“तिला प्रोसेसर पहिल्यांदा मी दाखवला,” त्या म्हणाल्या. “आणि म्हणे कुणी सांगितलंच नव्हतं. कोण ही मॅडम? शिकून किती दिवस झालेत तिला?”

मी त्यांच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांच्यावर जळत आले होते, आणि त्यांच्या तोंडावर हे कधी दिसलं नव्हतं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

“जाऊ द्या, मॅडम,” मी म्हणाले, आणि त्यांचा चहा पुन्हा गरम करायला उठले.